चावायची रोटी

तोशकुदुक, २ एप्रिल

एलमुरोद,

पत्राच्या सुरुवातीला सलाम लिहायचा असतो, तब्येत विचारायची असते, मेंढरं-कोकरं सुखरूप असल्याचं कळवायचं असतं. मेंढरं सुखरूप आहेत. बाकीचं घरातून जाताना तूही काही विचारलं नव्हतंस, तेव्हा फिटंफाट.

आई फोन का करत नाही, असं तू सुयूनला विचारलंस म्हणे. अरे, इथे फोन लागायचा तर मेंढवाड्याच्या छपरावर चढून ओरडावं लागतं. तुला सांगायचं म्हणजे सगळ्या वस्तीला सांगायचं. शिवाय तुझे थोरले काका खाली उभे राहून ऐकतात आणि ऐकत नसल्याचं दाखवायला कुत्र्याशी बोलत बसतात. म्हणून पत्र. सुयूनचा पाण्याचा टँकर तुमच्या तळावर येतो-जातो, तो आणून देईल. त्याने वाटेत उघडून वाचलं तर वाचू दे. सुयून, वाचत असशील तर गाडी हळू चालव, मागच्या खेपेला अर्धं पाणी रस्त्याला पाजलंस.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात तुमच्या कंपनीची माणसं येऊन गेली. मापं घेतली, लाल चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवल्या, आणि जाताना विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाने फुली मारून गेली. चिंध्यांचं कुणाला काही वाटलं नाही. शेजारच्या बेकबुलातच्या पोरींनी तर त्यातल्या दोन काढून वेणीला बांधल्या. फुलीचा अर्थ सुयूनने सांगितला. चिंध्यांच्या आत जे येईल ते कुंपणात जाणार, तिथे तुमच्या त्या उन्हातून वीज काढणाऱ्या काळ्या काचा उभ्या राहणार, आणि ज्यावर फुली आहे ते बुजवायचं.

म्हणजे विहीर बुजवायची. तुझ्या पणज्याने खणलेली, उंटावरून दगड आणून आतून बांधलेली. तिच्यावरूनच या वस्तीचं नाव तोशकुदुक, दगडी विहीर, असं पडलं. पाणी मचूळ आहे, मान्य. पण आपली काराकुल मेंढरं त्याच पाण्यावर वाढली आणि उन्हाळ्यात पुढच्या विहिरीपर्यंत ती चालत पोचणार नाहीत, वाटेतच बसतील. हे मी कुणाला सांगते आहे? ज्याने नीट चालता येण्याआधी या विहिरीचा दोर धरला, दहाव्या वर्षी रहाट सुटून पुढचा दात अर्धा तोडून घेतला आणि तुटलेला तुकडा आत पडला म्हणून दिवसभर कठड्याला धरून रडला, त्याला.

काकांनी थुंकी लावून फुली पुसून पाहिली. निघत नाही.

ती तू मारलीस का? इथल्या विहिरी ओळखणारा त्या कंपनीत तू एकटा, म्हणून विचारते. हो की नाही, एवढंच लिही.

तुझ्या बाबांच्या वर्षाच्या जेवणाला तू सगळ्यांसमोर नोकरीचं जाहीर केलंस, ते मला अजून दिसतं. काका म्हणाले, "जी वीज माझ्या भावाला ऐन थंडीत सोडून गेली, तिची चाकरी करणार तू?" तू म्हणालास, "सोडून गेली म्हणूनच करणार. पुन्हा कुणाचं श्वासाचं यंत्र बंद पडायला नको." ते म्हणाले, "आणि पणज्याची विहीर?" तू म्हणालास, "विहीर श्वास देत नाही, काका." त्यावर ते म्हणाले, कंपनीचा कोट अंगावर आहे तोवर या दारात येऊ नकोस. आणि तू उठलासच. तुम्हा दोघांच्या मध्ये मी चहाची किटली धरून उभी होते. मला तुझंही पटलं होतं आणि त्यांचंही. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

तू रोटीही चावली नाहीस. लांब जाणाऱ्याने एक घास चावायचा, उरलेली भिंतीला टांगायची, आणि परत येऊन त्यानेच ती संपवायची, ही रीत तुला शिकवावी लागत नाही. तुझे बाबा फौजेत गेले तेव्हा त्यांची रोटी या भिंतीवर अशी वाळली होती की परत आल्यावर चहात भिजवून खावी लागली. पण खाल्ली. तुझी मी तरीही टांगली आहे, अख्खीच. कुणी विचारलं ही कुणाची, तर शोभेची आहे म्हणून सांगते.

तुझी आई,
बीबीसोरा


तोशकुदुक, २१ एप्रिल

एलमुरोद,

तू "हो" लिहिलंस. निदान खोटं बोलला नाहीस.

पुढे लिहितोस, विहिरीच्या बदल्यात रोज टँकर येईल, मी स्वतः साहेबांकडून कबूल करून घेतलं आहे. सुयूनच्या टायरवर आपला कळप जगवायचा का? आणि कंपनी उद्या गाशा गुंडाळून गेली तर टँकर कुठून भरायचा? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तू तळावर बसून उंटावरून शेळ्या हाकतो आहेस, बाळा.

तू पाठवलेला दिवा मिळाला. उन्हात ठेवला की आपोआप भरतो म्हणे. मी तो पेटीत टाकला आहे. मला नको.

लोक काय बोलतात ते तुमच्या साहेबांपर्यंत पोचत नसेल, म्हणून लिहिते. काहींचं म्हणणं, त्या काचा ढग पिऊन टाकतात, म्हणूनच यंदा वसंतात गवत तोकडं आलं. कुणी म्हणतं, चकाकीने मेंढरं आंधळी होतील आणि कोकरांच्या अंगावरचे कुरळे केस सरळ होतील. बेकबुलात माणसागणिक नवीन रोग सांगतो. दोन घरांतल्या तरुणांना मात्र तिथे पहारेकऱ्याची नोकरी हवी आहे. ते दिवसा काकांच्या बाजूने बोलतात आणि सुयूनच्या हाती गुपचूप तुमच्याकडे अर्ज पाठवतात. झराफशान शहरातल्या एका बाईने जिल्ह्याच्या टेलिग्राम ग्रुपवर लिहिलं, "मेंढरांना पाणी हवं म्हणून आमच्या लेकरांनी पुन्हा थंडीत काकडायचं का?" बेकबुलातने तिला घाणेरडं उत्तर दिलं. ती खोटं कुठे बोलत होती? तुझ्या बाबांचं श्वासाचं यंत्र अजून कोपऱ्यात आहे. मी त्यावर ओढणी टाकली आहे, तरी तिकडे पाठ करूनच झोपते. पण त्या बाईला हेही कुणीतरी सांगायला हवं की तुमच्या तारा आमच्या छपरांवरून जाणार आणि खाली एकही वायर उतरणार नाही.

सगळ्यांत मोठा आवाज काकांचा. आणि त्यांच्याच छपरावर तो हातभर काळा पत्रा, ज्याच्यावर त्यांचा टीव्ही चालतो, तो रोज सकाळी डोक्यावरच्या टोपीने पुसतात. मी म्हटलं, "भाऊजी, हा पत्राही सूर्यच पितो ना?"

"पितो. पण हा कुणाच्या विहिरीवर बसलेला नाही," म्हणाले, आणि टोपी झटकून पुन्हा डोक्यावर ठेवली.

येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी सभा आहे. जिल्ह्याचा अधिकारी, नायब हाकीम, येणार, तुमचा परदेशी साहेब येणार, तंबू लागणार, मटणाचा भात शिजणार. काकांनी घरोघरी फिरून ताकीद दिली आहे, "त्यांचा भात खा, चहा प्या, आदराने बोला. पण रोटीला कुणी हात लावायचा नाही. दोन बाजूंनी बसून रोटी मोडली की सोयरीक ठरली. मग उद्या भांडायला तोंड राहणार नाही." आजूबाजूच्या विहिरींवरची माणसंही तसंच करणार आहेत. अख्खी रोटी पाहुण्यासमोर तशीच ठेवायची, एवढा अपमान या वाळूत कुणी कुणाचा केला नसेल. मला तर ऐकूनच अंगावर काटा आला.

तू दुभाष्या म्हणून येणार हे मला कळलं आहे. घरात येऊ नकोस, काकांचा शब्द मोडायला मी सांगणार नाही. पण मी सुयूनच्या हाती फडक्यात बांधून एक रोटी पाठवीन. कडेला हो आणि एक घास चाव. बाकीची त्याच्याकडे परत दे. माझी भिंत तरी सुटेल.

तुझी आई


तोशकुदुक, ४ मे

चावायला दिली होती रे, मोडायला नव्हती!

तू पुरुषांत बसला होतास, तुला समोरचा भात दिसत होता. मी बायकांच्या बाजूला तंबूची कड वर करून सगळं पाहिलं. तू काय करून ठेवलंस ते माझ्याकडून ऐक.

नायब हाकीम बोलायला उभा राहिला, "या ओसाड जमिनीतून आता सोनं निघणार आहे!" तेव्हा खोलबेका आजी आमच्यातून ओरडली, "ओसाड असती तर तुझ्या बुटाला लेंड्या कुठून लागल्या, बाळा?" लोक हसले. तो म्हणाला, "आजी, तुम्हाला वीज नको का?" आजी म्हणाली, "हवी की! पण तू दाखवतोस आम्हाला आणि वरात नेतोस दुसऱ्याच्या दारी." इथवर सगळं ठीक होतं. काका ताठ बसले होते. खाली अंथरलेल्या सगळ्या दस्तरखानांवर रोट्या जशाच्या तशा होत्या आणि कुणी तिकडे बघत नव्हतं. तुमच्या परदेशी साहेबाला भूक लागली होती बिचाऱ्याला. त्याने एकदा हात पुढे केला, तू कानात काही पुटपुटलास, त्याने हात मागे घेतला. तेव्हा मला वाटलं, पोरगं अजून आपलं आहे.

मग तो मूर्ख सुयून. त्याला कडेला बोलाव म्हटलं होतं, त्याने सगळ्यांसमोरून नेऊन फडकं तुझ्या मांडीवर ठेवलं. तू गाठ सोडलीस. तुझ्या बाबांच्या लाकडी ठशाने फूल उठवलं होतं मी रोटीवर. तू वास घेतलास. तुझा चेहरा मी पाहिला, एलमुरोद, आणि मला रडू आलं हे मी कबूल करते. आणि पुढच्याच क्षणी तू ती मोडलीस! घरात सगळ्यांत लहान तू, रोज संध्याकाळी रोटी मोडून पहिला तुकडा काकांपुढे धरणारा तू. हातांनी आपणहून तेच केलं. आणि त्या माणसाने, ज्याने साऱ्या वाळवंटाला ताकीद दिली होती, त्यानेही सवयीने न बघता तुकडा घेतला आणि तोंडात टाकला.

काकांचा जबडा अर्ध्यात थांबला. रोटी थुंकायची कशी? त्यांनी गिळली.

हाकीम टुणकन उभा राहिला. "मुबारक! रोटी मोडली! सोयरीक झाली!" टाळ्या, फोन वर, फोटो. तुमच्या साहेबाला वाटलं आता खायला हरकत नाही, त्यानेही एक तुकडा उचलला आणि हसून सगळ्यांना दाखवला. संध्याकाळपर्यंत ते चित्र साऱ्या प्रांतात फिरलं. खाली लिहिलं होतं, मेंढपाळांनी आनंदाने संमती दिली.

बेकबुलात सगळ्यांसमोर काकांना म्हणाला, "पुतण्याला पुढे करून सौदा केलास काय रे, म्हाताऱ्या? भाऊ गेला त्याचं काय घेतलंस?" काकांना अरे-तुरे! कुणी त्याला गप्प केलं नाही. काका उठले आणि विहिरीवर जाऊन बसले. तेव्हापासून ताक पितात, खजूर खातात, रोटीला शिवत नाहीत. मला अजून केलिन म्हणतात, नवी सून. तसंच म्हणाले, "केलिन, माझ्याच तोंडाने मला विकलं."

तू हे ठरवून केलंस असं सगळ्या विहिरींवर बोललं जातं. मी म्हणते नाही. पण मी आई आहे, माझी साक्ष कोण धरतो. तूच लिही.

बीबीसोरा


तोशकुदुक, १२ मे

एलमुरोद,

"ठरवून नाही, आई. तुम्ही भाजलेल्या रोटीचा वास आला आणि मी घरीच आहे असं वाटलं." तुझी ही ओळ मी काकांना वाचून दाखवली. त्यांनी कागद मागून घेतला.

आता हे नीट वाच. गुरुवारी तुमचे ट्रक मुरूम घेऊन विहीर बुजवायला येणार, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या गाडीत वाट दाखवायला तू असणार, हेही ठाऊक आहे. बेकबुलात आणि तीन-चार जणांनी उंचवट्यामागे दगड रचले आहेत. बाटल्यांत डिझेल भरून ठेवलं आहे. खोलबेका आजीने स्वतः वास घेतला. पहिला ट्रक पेटवायचा, म्हणजे बाकीचे परत फिरतील, असा त्यांचा हिशेब. पहिल्या ट्रकमध्ये कोण आहे याची बेकबुलातला पर्वा नाही. खरं सांगायचं तर तू आहेस याचा त्याला आनंदच आहे.

पूर्वी काकांनी एक शब्द टाकला असता की हे मिटलं असतं. आता तो घास खाल्लेल्या माणसाचं ऐकतो कोण? मी बेकबुलातच्या बायकोकडे गेले, तिने दार उघडलं नाही.

त्या गाडीत बसू नकोस. आजारी पड. पाय मुरगळ. नोकरी सोड म्हणत नाही मी. तू का गेलास ते मला कळतं. तुझे बाबा त्या सकाळी माझ्याकडे बघत होते आणि मी नुसतं ते बंद यंत्र हलवत होते, ते मी विसरलेले नाही. पण एका थंडीत एक माणूस दिला, तेवढा पुरे. मला तू जिवंत हवा आहेस. आणि विहीरही हवी आहे, उगाच खोटं कशाला लिहू?

मी इथे काहीतरी करते आहे. काय ते लिहीत नाही, कारण सुयून वाचतो. सगळ्या घरांत पीठ भिजतंय एवढंच समज.

तुझी आई


तोशकुदुक, ३ जून

एलमुरोद,

तुला बदलून पार अफगाण सीमेजवळच्या वाळूत पाठवलं. गावचा माणूस गावाकडे झुकतो, असं कारण दिलं म्हणे. तिथे इथल्यापेक्षा जास्त ऊन आहे, असं ऐकून काका म्हणाले, चांगलं झालं, शिजू दे जरा. पण तुझा पत्ता त्यांनी दोनदा विचारून घेतला.

तू विचारतोस, काकांना कसं तयार केलंत. तयार नव्हते झाले. तुझी ओळ वाचून दाखवली त्याच दुपारी मी पुन्हा विहिरीवर गेले आणि म्हटलं, "भाऊजी, रोटी मोडायला कोण कुणाच्या दारी येतं? मुलाकडचे की मुलीकडचे?"

"मुलाकडचे. हे काय विचारणं झालं?"

"मग परवा मोडली कुणी?"

"त्या गाढवाने."

"गाढव कुणाच्या बाजूने बसलं होतं?"

"कंपनीच्या."

"म्हणजे कंपनी झाली मुलाकडची. मग आपण कोण झालो?"

काका चिडून म्हणाले, "आणि मुलगी कोण? मुलगी कुठे आहे?"

मी कठड्यावर हात ठेवला, त्या फुलीशेजारीच. म्हटलं, "मागणी घालून नेलेल्या मुलीला कुणी जिवंत पुरतं का, भाऊजी? तिच्या माहेरच्यांना दार बंद करतं का? आणि आपली रीत काय आहे, मुलीकडच्यांनी मागायचं आणि मुलाकडच्यांनी द्यायचं ना?"

तुझे बाबा गेल्यापासून त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. इतके हसले की ठसका लागला. "माझ्या भावाने तुझ्याबरोबर संसार केला कसा, ते अल्लाच जाणे," म्हणाले. आणि लगेच तोंड पाडून बसले, "पण माझं ऐकणार कोण?" मी म्हटलं, तुमचं नका, रोटीचं ऐकतील.

बायकांना पटायला वेळ लागला नाही. बुधवारी दिवसभर सगळे तंदूर पेटले होते. बेकबुलातच्या बायकोने दार उघडलं नाही, पण संध्याकाळी तिच्याकडून टोपलीभर रोट्या आल्या.

तुम्ही धुळीतून आलात. इकडून काय दिसलं ते तुला माहीत नाही. दोन उंचवट्यांच्या मधला रस्ता आम्ही या कडेपासून त्या कडेपर्यंत दस्तरखानांनी झाकला होता आणि त्यावर रोटीला रोटी लावून मांडल्या होत्या. आम्ही बायका पलीकडे उभ्या. उंचवट्यामागे बेकबुलात आणि त्याच्या बाटल्या. तुमचा पहिला ट्रक वेग कमी करत नव्हता. धुळीमुळे त्याला दिसत नसणार, हे तेव्हा लक्षात आलं नाही. काचेमागे तू होतास. मी पाय मुरगळायला सांगितलं होतं, पण तू कुठला ऐकायला! खोलबेका आजीने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. मला वाटलं, आता एक तर रोटी तुडवली जाणार, नाही तर वरून आग येणार, आणि दोन्हीकडे माझंच पोर.

इथला ड्रायव्हर एक वेळ माणसावर गाडी घालेल, रोटीवर घालणार नाही. ब्रेक लागले ते कडेच्या रोटीपासून हातभर अंतरावर. तो पोरगा खाली उतरला, कडेची धूळ बसलेली रोटी उचलली, ओठांना लावली, कपाळाला लावली आणि परत जागेवर ठेवली. मागच्या गाडीतून तुमचा साहेब ओरडत आला. ड्रायव्हर म्हणाला, "माझी नोकरी घ्या, साहेब. यावरून मी जाणार नाही." मागचे सगळे ड्रायव्हरही उतरून उभे राहिले होते.

बेकबुलात बाटली घेऊन खाली आलाच. आजीने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "हातात काय धरलंयस ते? रोटीपाशी घाण वास कशाला? ठेव ते आणि किटली धर, पाहुणे आलेत." चाळिशीचा बाप्या, त्याने बाटली ठेवली आणि किटली धरली. पुढे सगळ्यांच्या पेल्यांत चहा ओतत होता तो, तुझ्यासुद्धा, हे तू पाहिलंस.

आणि काका. ईदचा अंगरखा घालून, तुमच्याच काठीची लाल चिंधी गळ्यात बांधलेला मेंढा घेऊन. "या, व्याही! रोटी तुम्ही आमच्या दारी येऊन मोडलीत. आता देण्याघेण्याचं बोलू."

साहेबाने तुझ्याकडे पाहिलं. तू त्याला समजावत होतास ते किती लांबलं! काकांची दोनच वाक्यं होती. तू काय काय सांगितलंस ते एकदा मला लिही. त्याने रोट्यांकडे पाहिलं, मेंढ्याकडे पाहिलं, मग हाकिमाला फोन लावला. हाकीम काय बोलणार? सोयरीक झाली म्हणून त्यानेच साऱ्या प्रांताला ओरडून सांगितलं होतं. आता ती मोडली म्हणायची तर त्याचीच छी-थू. मेंढा घ्यायचा की नाही, हे साहेबाला शेवटपर्यंत कळलं नाही. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी त्याची गत.

कुंपण झालं आहे. काकांनी रस्त्यावर मागून घेतल्याप्रमाणे विहिरीपाशी ते आत वळवलंय, विहीर बाहेर आहे आणि कळपाला जायला वाट ठेवली आहे. पण वसंतातलं कुरण गेलं, ते परत मिळणार नाही. तुला सगळं छान झालं असं वाटू नये म्हणून लिहिते. काका पहिल्या दिवशी मेंढरं घेऊन गेले तेव्हा त्या चकाकीने सगळी बुजली आणि त्यांना एकेकीला ओढून पाण्यावर न्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दिल्या घरी सुखी राहा." मी हसले नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या संध्याकाळी त्यांनी रोटी खाल्ली.

तुझा दिवा त्यांनी मागून नेला आणि रहाटाच्या खांबाला टांगला आहे. पत्र लिहिण्यापुरता मी परत आणते, एवढंच.

रस्त्यावर सगळ्यांसमोर मी तुझ्यापुढे रोटी धरून म्हटलं होतं, "चाव. मोडलीस तर हात तोडीन." ड्रायव्हरसुद्धा हसले. पण तू चावलीस. ती आता भिंतीवर आहे, जुनी अख्खी मी कोंबड्यांना चुरून घातली. काका दर दोन दिवसांनी उंबऱ्यात येऊन उभे राहतात. उंदीर लागले का ते बघायला आलो, म्हणतात. काल आत आले, खिळ्यावरून रोटी काढली आणि तुझ्या दातांच्या खुणेवर बोट फिरवलं. एक दात पुरता उमटला आहे, शेजारचा अर्धाच.

"अर्धा दात विहिरीत आणि अर्धा माझ्या भिंतीवर," म्हणाले. "जाणार कुठे हा?"

ती भिंत माझी आहे, त्यांची नाही, पण राहू दे. रोटी आतापासूनच कडक झाली आहे. येशील तेव्हा चहात भिजवावी लागेल.

तुझी आई,
बीबीसोरा